मडके भाजते कोण?

 

वाङ्मय मंडळाच्या व्यासपीठावर एका होमिओपॅथिक डॉक्टरने कुंभाराच्या भट्टीवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण तुमच्या स्वयंपाकघरात एकदा डोकावून पाहा. फळीवर वरच्या बाजूला पिवळसर तपकिरी, खालच्या बाजूला पांढरी, अशी एक चिनी मातीची बरणी असेलच. लोणच्याची असेल, मिठाची असेल, नाहीतर आजीच्या आठवणीखातर नुसतीच ठेवलेली असेल. आपल्या या सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून वाटण्या झाल्या, घरे बदलली, भाषेवरून वाद झाले, पण बरणी काही कोणी टाकून दिली नाही. त्या बरणीत मीठ, मोहरी, कैरीचा आंबटपणा आणि तेल हे चार जण वर्षभर कोंडलेले असतात. तांब्यापितळेला ते खाऊन टाकतील, साध्या मडक्यातून पाझरून बाहेर येतील. बरणीचे मात्र ते काही वाकडे करू शकत नाहीत. असे का, हा माझा पहिला प्रश्न आहे. आणि बरणी अशी होते ती कोणामुळे, कुंभारामुळे की विस्तवामुळे, हा दुसरा. पहिला प्रश्न रसायनाचा आहे. दुसरा मात्र अडीच हजार वर्षांपूर्वी एका कुंभाराला प्रत्यक्ष विचारला गेलेला आहे. म्हणून आधी त्याची गोष्ट सांगतो.

श्वेतांबर जैनांच्या आगमांत ‘उपासकदशा’ नावाचे एक अंग आहे. भगवान महावीरांच्या दहा गृहस्थ उपासकांची चरित्रे त्यात आहेत. त्यांतला सातवा उपासक सद्दालपुत्र, हा पोलासपूरचा कुंभार. कुंभार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दारिद्र्य येते. हा मात्र मोठा धनिक. नगराबाहेर त्याची पाचशे दुकाने होती, असे ग्रंथ सांगतो. त्याच्या पत्नीचे नाव अग्निमित्रा. कुंभाराच्या घरात याहून समर्पक नाव कोणते असणार! सद्दालपुत्र मूळचा आजीविक पंथाचा, म्हणजे गोशालकाचा अनुयायी. या पंथाचे म्हणणे असे, की जे घडते ते नियतीने आधीच ठरलेले असते. प्रयत्न, बळ, पुरुषार्थ असे काही नसतेच.

एकदा महावीर त्याच्या दुकानात उतरले होते. सद्दालपुत्राने मडकी उन्हात वाळत मांडली होती. महावीरांनी सहज विचारले, ही मडकी कशी तयार होतात? तो म्हणाला, आधी ही नुसती माती होती. मग ती पाण्यात कालवली, तिच्यात राख आणि शेण मिसळले, चाकावर चढवली, आणि ही मडकी झाली. महावीरांनी पुढे विचारले, मग ही प्रयत्नाने होतात की प्रयत्नावाचून? सद्दालपुत्र पंथाला जागला. म्हणाला, प्रयत्नावाचून, सगळे नियत आहे. तेव्हा महावीरांनी विचारले, एखाद्याने तुझी ही वाळलेली वा भाजलेली मडकी चोरली, फोडली, इतस्ततः फेकून दिली, तर तू काय करशील? तो म्हणाला, मी त्याला बांधीन, मारीन. महावीर म्हणाले, सगळे नियत असेल तर ना त्याने काही फोडले, ना तुला त्याला शिक्षा करण्याचा अधिकार. आणि तू शिक्षा करणार असशील, तर प्रयत्न नाही हे तुझे बोलणे खरे नव्हे.

सद्दालपुत्राला ते पटले आणि तो श्रावक झाला. या गोष्टीत माझे लक्ष एका बारकाव्याकडे जाते. मडकी वाळत होती तेव्हा हा प्रश्न निघाला. तोवरचे काम डोळ्यांना दिसणारे आहे. माती कालवणारा हात दिसतो, चाक फिरवणारा हात दिसतो. यानंतरचे काम विस्तवाचे. तिथे हात दिसेनासा होतो. मडके एकदा भट्टीत गेले की कुंभाराला त्याला बोटही लावता येत नाही. नियतिवादी माणसाला बोलायला जागा असेल तर ती इथे आहे. म्हणून आपण आज त्या भट्टीच्या तोंडापाशी जाऊन बसू.

आपल्याकडचे नेहमीचे मडके आव्यात भाजतात. जमिनीवर सरपण, त्यावर मडकी, वर गवत, पेंढा, शेणी, आणि सगळ्यावर राखेचा किंवा मातीचा थर. खानापूर आपल्या शेजारीच आहे. तिथली माती आणि तिथले कुंभारकाम प्रसिद्ध आहे, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्थाही तिथेच आहे. आव्यातली आंच साधारण सातशे ते नऊशे अंशांपर्यंत जाते (आज मी सगळीकडे सेल्सिअसचेच अंश सांगणार आहे). एवढ्या आंचेत माती पक्की होते, पाण्याने पुन्हा विरघळत नाही. पण तिच्यात बारीक छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेर वाऱ्याने उडते आणि आतले पाणी गार होते. म्हणजे माठाचे गुण त्याच्या अपुरेपणातच आहेत. लोणच्याला मात्र हा अपुरेपणा चालत नाही.

बरणीसाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, जास्त आंच सोसणारी माती. अशी माती बाराशे ते तेराशे अंशांना आतल्या आत अर्धवट वितळून दगडासारखी घट्ट होते. दुसरी, वरची झिलई. झिलई म्हणजे रंग नव्हे. ती मडक्याच्या अंगावर वितळवून बसवलेली काच आहे. काचेचा मूळ घटक सिलिका, म्हणजे गारगोटीची भुकटी म्हणा. ती एकटी वितळायला सतराशे अंशांच्या पुढे जावे लागेल, आणि तोवर मडके उरणार नाही. म्हणून तिला लवकर वितळवणारा सोबती द्यावा लागतो: चुना, पोटॅश, सोडा. आणि वितळलेली काच ओघळून खाली जाऊ नये म्हणून तिला धरून ठेवणारा तिसरा घटक, अॅल्युमिना. तो मातीतूनच मिळतो. एक वितळणारा, एक वितळवणारा आणि एक आवरणारा. एकत्र कुटुंबात वावरलेल्या माणसाला हे रसायन वेगळे समजावून सांगायला नको.

आता गंमत अशी, की हा वितळवणारा सोबती सरपणातच असतो. लाकूड जळून जी राख उरते तिच्यात मुख्यतः चुना, थोडे पोटॅश आणि काही सिलिका असते. लाकडाच्या भट्टीत ही राख ज्वाळेबरोबर उडते, तापलेल्या मडक्यांच्या खांद्यांवर बसते, आणि आंच बाराशेच्या पुढे गेली की मातीतल्या सिलिकेशी एकरूप होऊन वितळते. झिलई न लावलेल्या मडक्यावर आपोआप हिरवट काच चढते. चीनमध्ये हे प्राचीन काळीच लक्षात आले, आणि मग राख मुद्दाम मातीत कालवून मडक्यावर लावायला सुरुवात झाली. जी वस्तू आपण उकिरड्यावर टाकतो, किंवा फार तर भांडी घासायला वापरतो, तिच्यातून जगातल्या काही अत्यंत सुंदर झिलया निघाल्या आहेत.

एका स्नेह्यांच्या लाकडाच्या भट्टीजवळ मी काही रात्री काढल्या आहेत. तिथे जे पाहिले ते क्रमाने सांगतो.

भट्टी रचणे हे अर्धे काम. झिलई लावलेली दोन भांडी एकमेकांना टेकली तर वितळून कायमची जोडली जातात. म्हणून दोहोंत बोटभर अंतर हवे. तळाला लागलेली झिलई पुसून काढावी लागते, नाहीतर भांडे फळीलाच चिकटते. भांड्यांची दाटी झाली तर ज्वाळेला वाट राहत नाही, विरळ मांडली तर ती सरळ धुराड्याकडे पळते. मांडणी अशी हवी की ज्वाळेने प्रत्येक भांड्याला वळसा घालून जावे. मग विटांनी दार बंद करून वर चिखल लिंपतात, आणि आत पाहण्यासाठी एक छोटे भोक ठेवतात. त्याला मी डोळा म्हणतो.

पहिले काही तास अगदी मंद जाळ. वाळलेल्या दिसणाऱ्या मडक्यातही ओल असते. शंभर अंशांच्या आसपास तिची वाफ होते, आणि घाई केली तर ती वाफ मडके फोडून बाहेर पडते. पुढे साडेचारशे ते सहाशेच्या दरम्यान आणखी एक पाणी जाते. ते ओलीचे नव्हे, मातीच्या रेणूतच बांधलेले असते. शुद्ध चिनी मातीच्या वजनात ते शेकडा १४ च्या आसपास भरते. ते गेल्यावर माती पुन्हा कधी माती होत नाही. मागे फिरण्याची वाट बंद होते ती इथे. ५७३ अंशांवर गारेचे स्फटिक एकदम फुगतात, आणि निवताना त्याच अंशावर एकदम आकसतात. हा उंबरठा सावकाश ओलांडला नाही तर भांड्याला तडा जातो. अनेक कुंभार झिलईच्या भांड्यांना दोनदा भाजतात. आधी नऊशे-हजारापर्यंत कोरी भाजणी, मग झिलईत बुडवून दुसरी भाजणी. त्यामुळे पहिले धोके आधीच निस्तरलेले असतात.

आंच वाढते तसा त्या डोळ्यातून दिसणारा रंग बदलतो. आधी गुंजेचा काळपट लाल, मग पळसफुलाचा केशरी, पुढे हळदीचा पिवळा, आणि शेवटी पिवळट पांढरा. तेव्हा भांडी आणि ज्वाळा वेगळी ओळखू येत नाहीत. सगळे एकाच प्रकाशाचे झालेले असते. नुसत्या रंगावर भिस्त ठेवायची तर डोळा फार तयार हवा. म्हणून बर्लिनच्या चिनी मातीच्या कारखान्यातले रसायनज्ञ हेर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये मातीचे लहान सुळके तयार केले. झिलईच्याच घटकांपासून केलेला हा सुळका ठराविक आंचेला, ठराविक वेळाने मान टाकतो. थर्मामीटर फक्त आंच सांगतो; सुळका सांगतो ते भांड्याने प्रत्यक्ष किती सोसले ते. आंच आणि काळ यांचा गुणाकार तो दाखवतो. आम्हा डॉक्टरांना हा फरक लगेच कळतो. ताप एकशे दोन आहे एवढे पुरत नाही. तो किती दिवस आहे आणि रोग्याने तो कसा सोसला, हे पाहावे लागते.

आता सरपण. लाकूड वर्षभर तरी वाळलेले आणि बारीक चिरलेले हवे. जाड ओंडका निखारा देतो. भट्टीला हवी असते लांब ज्वाळा, ती चिरलेल्या काटक्या-फळकुटांतून येते. लाकूड सारले की धुराड्यातून काळा धूर येतो, त्यामागे ज्वाळेची जीभ बाहेर निघते. काही मिनिटांनी धूर निवळतो, ज्वाळा आत ओढली जाते, आणि त्याच वेळी आंच चढते. मग पुन्हा लाकूड. नवशिक्याला वाटते, आंच चढत नाही तर जास्त सरपण घालावे. पण जास्त घातले की हवा पुरत नाही, निखाऱ्यांचा ढीग जाळीखालची वाट अडवतो, आणि आंच चढायची ती उलट घसरते. तेव्हा करायचे ते एवढेच, की निखारे ओढून वाट मोकळी करायची आणि थांबायचे. मात्रा दिल्यावर ती काम करीत असताना पुन्हा मात्रा देण्याची घाई करू नये, हे होमिओपॅथीच्या विद्यार्थ्याला पहिल्यापासून शिकवतात. भट्टीजवळ मला ते वाक्य अनेकदा आठवले.

त्या काळ्या धुराचाही उपयोग असतो. हवा कमी पडली की ज्वाळा भुकेली होते, आणि झिलईतल्या धातूंच्या गंजातून प्राणवायू ओढून घेते. तेच लोह मोकळ्या हवेत भाजले तर मधासारखे पिवळे-तपकिरी दिसते. भुकेल्या ज्वाळेत ते पाणीदार हिरवट-निळसर होते. चीनमधल्या लुंगच्वानची प्रसिद्ध हिरवी भांडी अशीच आली. डोंगराच्या उतारावर पन्नास मीटरांहूनही लांब असलेल्या भट्ट्यांत ती भाजत. तांब्याचे तसेच: मोकळ्या हवेत हिरवे, भुकेल्या ज्वाळेत रक्तासारखे लाल. घटक तेच, आंच तीच. फक्त श्वास वेगळा.

भाजणी संपली की सगळी तोंडे बंद करायची आणि वाट पाहायची. जितका वेळ चढायला लागला, जवळजवळ तितकाच किंवा त्याहून जास्त निवायला द्यावा लागतो. या वेळी घरातली मुले, पाहुणे, गिऱ्हाईक सगळे एकच विचारतात, उघडायची कधी? गार वारा आत गेला तर दोन दिवसांचे काम एका आवाजात फुटते.

अशी ही भट्टी. आता सद्दालपुत्राच्या प्रश्नाकडे परत जाऊ, पण वाटेत एका इंग्रजाला आणि दोन जपान्यांना भेटू.

बर्नार्ड लीच हा १८८७ मध्ये हाँगकाँगला जन्मलेला इंग्रज चित्रकार. जपानमध्ये असताना १९११ साली तो एका मेजवानीत भांड्यावर चित्र काढायला बसला, ते भांडे त्याच्या डोळ्यांदेखत भाजून निघाले, आणि चित्रकाराचा कुंभार झाला. १९२० मध्ये तो हामादा शोजी या तरुण मित्राला घेऊन इंग्लंडला परतला आणि कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्‌ज गावी त्यांनी उतारावर चढत जाणारी जपानी पद्धतीची भट्टी बांधली. अशा भट्टीत एकापुढे एक वरच्या पायरीवर खोल्या असतात. खालच्या खोलीची वाया जाणारी धग वरच्या खोलीला तापवते, म्हणून वरच्या खोल्यांना लाकूड कमी लागते. पण कॉर्नवॉल हा झाडे कमी असलेला मुलूख. भट्टी उत्तम आणि सरपण नाही, अशी स्थिती झाली. पुढे ती तेलावर न्यावी लागली. हामादा जपानला परतून माशिको या कुंभारांच्या गावी राहिला आणि १९५५ मध्ये जपानने त्याला राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून गौरवले.

या दोघांचा मित्र यानागी सोएत्सु हा विचारवंत. त्याने मांडले, की अनाम कारागिराच्या साध्या भांड्यात जे सौंदर्य उतरते ते त्याच्या स्वतःच्या बळाने नव्हे. ते परंपरा, माती, विस्तव यांच्या बळाने उतरते. बौद्ध परिभाषेत तो त्याला ‘परबल’ म्हणतो. मी कर्ता आहे हा अभिमान जिथे सुटतो तिथे सुंदर भांडे जन्मते, असा त्याचा भावार्थ.

हा विचार मोहक आहे, आणि आपल्या मराठी मनाला तो परका नाही. तेरचे गोरोबाकाका संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून कोण पक्के, कोण कच्चे हे पाहतात, आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरते ते अभिमानामुळेच, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या कथेतही नामदेव घरी जाऊन स्वस्थ बसत नाहीत. ते गुरू शोधायला निघतात. कच्चे मडके पुन्हा आव्यात जाऊ शकते, हे तिथे गृहीत आहे.

म्हणून मला वाटते, यानागी आणि महावीर दोघांचेही म्हणणे एकदम खरे असू शकते. ज्वाळा कोणत्या भांड्याला कुठे चाटून जाईल, हे कुंभाराच्या हातात नाही. पण लाकूड वर्षभर आधी चिरून वाळवणे त्याच्या हातात आहे. दोन भांड्यांतले बोटभर अंतर त्याच्या हातात आहे. ५७३ अंशांपाशी धीर धरणे आणि दार उघडायची घाई न करणे त्याच्याच हातात आहे. विस्तवाला जे द्यायचे ते दिल्यावर उरलेले विस्तवाचे. मात्र जे आपण करायचे होते ते न करता फुटलेल्या भांड्याचे खापर विस्तवावर फोडणे, हा सद्दालपुत्राचा जुना पंथ झाला.

आणि ही केवळ तत्त्वचर्चा नाही. इथे मला डॉक्टर म्हणून बोलले पाहिजे.

बाराशे अंशांपर्यंत जाणे खर्चाचे आणि कष्टाचे आहे. त्यातून पळवाट म्हणून जगभर शिसे वापरले गेले. शिशाचा गंज, म्हणजे आपला शेंदूरच, झिलईत घातला की ती साध्या भट्टीत, आठशे-नऊशे अंशांनाच वितळते आणि आरशासारखी चमकते. दिसायला देखणी, करायला सोपी. पण लिंबू, चिंच, कोकम, शिरका, दही असा आंबट पदार्थ तिच्यात राहिला की ती शिसे हळूहळू अन्नात सोडते. मेक्सिकोत अशा भांड्यांमुळे घराघरांत शिसे पोटात गेल्याचे अभ्यास झाले आहेत. लहान मुलांच्या बुद्धीची वाढ त्याने खुंटते, गर्भावर परिणाम होतो, रक्त कमी होते, पोटात कळा येतात. आणि सगळ्यांत आधी ते मारते कुंभाराला. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात शिशाची झिलई लावणाऱ्या कुंभारांचे थरथरणारे, लुळे पडणारे हात त्यांनी नोंदवले आहेत. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत आणखी एक घाला, तुझा धंदा कोणता, ही शिकवणही त्यांचीच. आमच्या मटेरिया मेडिकात प्लंबम या औषधाच्या वर्णनात मनगट लुळे पडणे, पोट आत ओढणारी कळ, हट्टी बद्धकोष्ठ ही चित्रे आहेत. ती मुळात शिशाच्या विषबाधेचीच चित्रे आहेत. पण एवढे स्पष्ट सांगतो: शिशाची शंका आली तर आधी रक्त तपासा आणि शिशाचे मूळ घरातून बाहेर काढा. शिसे शरीरात जातच असेल, तर कोणत्याही पॅथीच्या बाटलीने ते भागणार नाही.

मग बरणी टाकून द्यायची का? मुळीच नाही. ती चढ्या आंचेत भाजलेली, दगडी जातीची. तिच्या झिलईला शिशाची गरजच नसते. सावध राहायचे ते दुसऱ्या भांड्यांबाबत. भांडे उलटे करा. तळाला झिलई नसते, तिथे पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब चटकन शोषला गेला, माती मऊ आणि लाल दिसली, आणि वर मात्र भडक रंगाची चकचकीत झिलई असेल, तर ते भांडे कमी आंचेचे आहे. विकणारा झिलईबद्दल नीट सांगू शकत नसेल तर त्यात फुले ठेवा, लोणचे ठेवू नका. हे तुमच्या हातात आहे. नियतीच्या नाही.

शेवटी एक अवघड गोष्ट सांगायची राहिली. ती टाळणे मला जैन म्हणून बरे दिसणार नाही. ज्या ‘उपासकदशा’त सद्दालपुत्राचे चरित्र आहे, त्याच ग्रंथात, पहिल्या उपासकाच्या चरित्रात, श्रावकाने करू नयेत असे पंधरा धंदे सांगितले आहेत. त्यांतला पहिलाच अंगारकर्म, म्हणजे विस्तवावर चालणारा धंदा. पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त त्याचा अर्थ उलगडताना कोळसे पाडणे, विटा भाजणे यांच्याबरोबर मडकी घडवण्याचेही नाव घेतले आहे. म्हणजे धंदा वर्ज्य, आणि तो करणारा मात्र दहा आदर्श उपासकांपैकी एक!

लहानपणी मला ही विसंगती वाटायची. आता तशी वाटत नाही. भट्टीत लाकूड जळते, लाकडात जीव असतात, धूर आकाशात जातो; हिंसा आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. ग्रंथ ती नाकारत नाही. पण ज्याचे पोट त्यावर आहे त्याला तो दारातून हाकलतही नाही. तो त्याला हिशेब ठेवायला सांगतो. आपण घरात बसून माठातले गार पाणी प्यायचे, बरणीतले लोणचे खायचे आणि भट्टीचे पाप कुंभाराच्या नावे मांडायचे, हा हिशेब खोटा होईल. पाँडिचेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन दांपत्याने १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथल्या भट्टीत त्यांनी सुरूचे लाकूड वापरले. सुरू हे लावून, वाढवून, तोडून पुन्हा लावायचे झाड. जंगल न तोडता जळण मिळवणे, भट्टी अशी बांधणे की एका खोलीची धग दुसरीला मिळावी, आणि एकदा भाजलेले भांडे तीन पिढ्या जपून वापरणे, हाही अहिंसेचाच भाग आहे. त्यातला शेवटचा भाग आपला आहे. दरवर्षी बदलायच्या प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा आजीची बरणी मला जास्त अहिंसक वाटते. तिच्यासाठी विस्तव एकदाच पेटला होता.

सद्दालपुत्राच्या गोष्टीचा शेवट फारसा सांगितला जात नाही. तो श्रावक झाल्याचे कळल्यावर गोशालक त्याला परत वळवायला आला. काही केल्या तो वळत नाही असे पाहून गोशालकाने महावीरांचीच स्तुती केली. सद्दालपुत्र म्हणाला, तुम्ही माझ्या गुरूंचे गुण गायलात, म्हणून माझ्या दुकानात उतरा, पाट, अंथरूण घ्या. धर्म म्हणून मात्र हे देत नाही. मत सोडले नाही, आणि दारही लावले नाही. भाषा आणि प्रांत यांवरून तापलेल्या आपल्या या मुलखात राहणाऱ्या माणसांना त्या कुंभाराकडून एवढे घेता आले, तरी खूप झाले.